कुरुंद्याची शाळा आणि माझं पाचारण

कुरुंद्याहून मी निघाले त्या सकाळी माय बैलगाडीच्या मागं मागं ओढ्यापर्यंत चालत आली. हळद शिजवायचे दिवस होते. शेतावर मजुरीला जाऊन तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. वसमतला रेल्वे धरायची, पूर्णेला बदलायची आणि जालन्याला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला दाखल व्हायचं, असं ठरलं होतं. ओढ्यापाशी ती थांबली आणि एवढंच म्हणाली, "देवानं बोलावलं म्हन्तीस. मंग मी काय बोलू, बाई?"

तिनं होकार दिला असं मी धरून चालले. तिला बोलायला मी जागाच ठेवली नव्हती, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

आपल्या वस्तीतल्या माणसांनो, तुम्हाला ते दिवस आठवत असतील. माझे बाबा गावातल्या मिशनच्या शाळेचे मास्तर. शाळा म्हणजे आमच्या घराला लागून असलेली मातीची एक खोली आणि वस्तीतली पंधरा-वीस लेकरं. दुसऱ्या शाळेत त्यांना पायरीवरसुद्धा बसू देत नसत. बाबा तापानं गेले, तेव्हा मी जालन्याच्या बोर्डिंगातून सातवी होऊन आले होते. तुम्ही सगळे अंगणात येऊन बसलात. यशवंतकाका म्हणाले, "दया, मास्तरच्या जागी आता तूच बस. दुसरं कोन येनार हाय आपल्याकडं?"

मी म्हणाले, प्रार्थना करून सांगते.

तीन दिवस उपास केला. चौथ्या दिवशी सांगितलं की प्रभूनं मला आजाऱ्यांच्या सेवेसाठी बोलावलंय. मी खोटं बोलले नव्हते. मला तसं मनापासून वाटलं होतं. पण त्या वाटण्यात जालन्याचा लांब व्हरांडा होता, विजेचे दिवे होते, पांढरी साडी होती, आणि मी कुठल्या वस्तीतली हे कुणी विचारणार नाही याचा आनंदही होता. त्या सगळ्याला मी देवाचं नाव दिलं. देवापुढं तुम्ही काय बोलणार? यशवंतकाका उठले, टोपी नीट केली आणि गेले. पावसाळ्याच्या आत मिशननं शाळा बंद केली.

दवाखान्यातलं काम चांगलं होतं. किती तरी लेकरं माझ्या हातात पहिल्यांदा रडली. मी इंजेक्शन द्यायला शिकले, टेबलावर जेवायला शिकले, 'न्हाई'चं 'नाही' केलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं मायचं पत्र यायचं. त्यात दर वेळी एक ओळ असायची : शाळेची खोली सारवून ठेवली आहे. म्हातारीचं वेड, असं म्हणून मी पत्र घडी करून ठेवायची.

अठ्ठेचाळीस साली उन्हाळ्यात पत्र आलं, "दिवस वाईट आले. रझाकारांच्या भ्यानं लोक वऱ्हाडात पळून राहिले. जमलं तर ये." मी पुन्हा प्रार्थना केली. पवित्र शास्त्र उघडलं आणि मला हवं तसं वचन शोधून काढलं. वॉर्ड सोडणं बरोबर नाही, असं उत्तर लिहिलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि रस्ते सुरू झाल्यावर मी गावी गेले. माय काडीसारखी झाली होती. चुलीपाशी चांदबी मावशी भाकरी थापत होती. ती गावातली बांगड्या भरणारी. लहानपणी तिनंच माझ्या हातात बांगड्या भरल्या होत्या.

काय घडलं ते तिनंच सांगितलं. रझाकार पळाले आणि त्यांच्यावरचा राग गरीब मुसलमानांवर निघाला. बाहेरगावचा जमाव येतोय हे ऐकून चांदबी दोन्ही पोरींना घेऊन भर दुपारी आमच्या दारात आली. मायनं तिघींना शाळेच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि दारात बसून ज्वारी निवडत राहिली. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मास्तरची शाळा हाय. बंद पडून धा वर्सं झाली." अकरा दिवस तिनं आपल्या वाटची भाकर त्या तिघींना दिली.

मी मायला विचारलं, "तुला कसं कळलं काय करायचं ते? आधी प्रार्थना केलीस?"

"आधी कवा करनार? लेकरं दारात हुभी व्हती. कडी लावल्यावर केली."

मला रडू आलं. म्हणाले, "माय, मी आता इथंच राहते. शाळा सुरू करते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता. "आता काहून? ज्या पोरींला तू शिकवनार व्हतीस, त्यांच्या कडेवर लेकरं हायेत. जा तू. तिकडं तुजी गरज हाय."

तिकडं गरज होतीच. मी तिचं ऐकलं, म्हणजे मला सोयीचं होतं तेवढं ऐकलं. तिच्या अंगातला ताप मी हातानं पाहिला होता, गोळ्या देऊन निघाले. नाताळच्या आधी निरोप आला. मी पोचले तोवर माती देऊन झाली होती. शेवटचं पाणी चांदबीनं पाजलं. "माय याद करत होती तुला," ती म्हणाली, "पन बुलवू नको म्हनली. बिचारीला तकलीफ होईल म्हनली."

आता जालन्याच्या चर्चमध्ये तरुण मुली मला विचारतात, देवाची इच्छा ओळखायची कशी? मी सांगते, प्रार्थना कराच, पण आधी घरच्या माणसाला विचारा, तुला काय पाहिजे. त्या मान डोलावतात. माझ्या वेळी कुणी हे सांगितलं असतं, तर मीही मान डोलावून जालन्याची गाडी धरली असती.

तुमच्यातले कोणी भेटले की म्हणतात, दयाबाई, घरी येऊन जा एकदा. घर म्हटलं की मला ते उपासाचे तीन दिवसच दिसतात. मी डोळे मिटून देवाला विचारत होते आणि समोर बसलेली माय माझ्याकडं बघत होती.