आयर्लंडच्या पानावर वाजलेली घंटी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावाकडं ज्या चिंचेखालून जायला पोरं घाबरायची, तिथं मी उन्हाळ्यात खाट टाकून झोपलोय. ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना मोबाईलवर वाचायचो आणि मनात म्हणायचो — ह्यांना ॲसिडिटी झाली असणार. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीये. तुम्ही मला तेच म्हणालात तरी चालेल...

जागा सांगतो. बेंगळुरू, जयनगर. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस. मी मूळचा गडहिंग्लजकडचा. शाळा नववीत सुटली. गावातल्या एकाच्या ओळखीनं इथं आलो, तो फरशी पुसायला आणि चहा द्यायला. मला कॉम्प्युटरसमोर बसवलं ते पद्माअक्कांनी.

पद्माअक्का आमच्या टीम लीडर. त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे ते त्यांनाही नीट माहीत नाही, पण घरात अजून मराठीच बोलतात. मी मराठी आहे हे कळल्यावर रोज डबा झाला की मला शेजारी बसवून माऊस धरायला शिकवायच्या. "स्वल्प हळू रे, उंदीर पळून जात नाही तो," असं म्हणायच्या. नंतर मॅनेजर वेंकटेश सरांसमोर उभ्या राहिल्या — ह्याच्याकडं दहावीचा कागद नाही, पण ह्याची जबाबदारी माझी. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं. म्हणूनच मी कामाला बसलो की एकेक ओळ दोनदा वाचतो... माझ्या हातून काही चुकलं तर नोकरी जाईलच, पण अक्कांचा शब्दही जाईल.

काम काय, तर आयर्लंड देशातल्या जुन्या जन्मनोंदी. तिकडचे लोक आपला वंश शोधतात, त्यांच्यासाठी ही पानं ऑनलाइन ठेवणारी एक कंपनी आहे. एका पानावर आठ-दहा जन्म. बाळाचं नाव, बापाचं, आईचं, आईचं माहेरचं आडनाव, कोणी कळवलं त्याची सही. सही न येणाऱ्यांनी फुली मारलेली असते. तशी फुली दिसली की मला आमची आत्याच आठवते, ती अंगठा उठवते एवढाच फरक. नियम असा की शंभर वर्षांच्या आतला जन्म असेल तर त्या नोंदीवर काळी पट्टी ओढून ती झाकायची. त्याच्या आधीचं सगळं उघडं.

मी सुरुवातीला अक्कांना विचारलं होतं, "जन्मच तर आहे, चोरी थोडीच केलीये? झाकायचं कशाला?"

"तुझी बँक फोनवर काय विचारते रे? जन्मतारीख काय, आईचं माहेरचं नाव काय. बघ, दोन्ही एकाच ओळीत आहे की नाही! आणि एखाद्या बाळाच्या बापाच्या जागी नुसती रेघ असते. म्हाताऱ्या माणसाची ती गोष्ट सगळ्या जगानं का वाचायची?"

मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, ओळखीचं वाटलं. कारण आमच्या गावात हेळवी यायचा.

हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ सांगणारा माणूस. सुगी झाली की बैलावर बसून यायचा. आमच्या दारात बैल थांबला की आत्या सुपातून जोंधळे घेऊन बाहेर यायची, आणि हेळवी कानडी वळणाच्या मराठीत एका सुरात सुरू करायचा — अमक्याचा तमका, तमक्याची लेक फलाण्या गावात दिली... आमच्या हेळव्याची एक पद्धत होती. मेलेल्या माणसांची नावं तो मोठ्यानं घ्यायचा. जिवंत माणसाचं नाव आलं की नाव घ्यायचा नाही, बैलाच्या गळ्यातली घंटी हातानं हलवायचा आणि लगेच मुठीत धरायचा. त्यामुळं तिचा आवाज अर्धाच यायचा. ठण्ण व्हायच्या आधीच दाबलेला.

मी एकदा विचारलं, "आजोबा, नाव का घेत न्हाईसा?"

म्हणाला, "जिता हाय तवर नाव त्येचं. गेल्यावर माझं."

शेवटी आम्हा भावंडांची पाळी यायची. घंटी वाजली की आम्ही भांडायचो, "ही माझी! गप ए, ती तुझी न्हवं, ही माझी!" आत्या ओरडायची, "आरं, बैल बुजंल मुडद्यांनो!" चुलीवरच्या भाकरीचा वास, बैलाच्या अंगाचा वास... परक्या गावात एकट्यानं राहताना असलंच काहीतरी आठवत बसतो बघा. हेळवी यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. वारला, एवढंच आत्याकडून कळलं.

तर, मागच्या वर्षीची गोष्ट. दुपार होती, जेवणं झालेली, बाहेर लख्ख ऊन. माझ्या स्क्रीनवर एक पान आलं. सगळ्या तारखा मी दोनदा तपासल्या — सगळे जन्म शंभर वर्षांच्या पलीकडचे. पट्टी कुठंच नको. खात्री म्हणून बाण एकेका ओळीवरून खाली नेत होतो, मधल्या एका ओळीवर आलो आणि घंटी वाजली.

अर्धीच. मुठीत धरलेली.

मला आधी वाटलं खालच्या दुकानात भांडं पडलं. बाण खाली नेला, काही नाही. परत त्या ओळीवर आणला... तीच घंटी. माझ्या उजव्या कानाशी, खुर्चीच्या एवढ्या जवळ की मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत. शेजारच्या शिल्पाला विचारलं, "आवाज आला काय?" ती म्हणाली, "कसला? एसी का?" मी खिडकीतून वाकून पाहिलं. रिक्षा, फुलवाली, नेहमीचं सगळं. बैल कुठून येणार जयनगरात!

परत बसलो. ओळीवर बाण नेला आणि पुन्हा तेच. त्या ओळीत बापाच्या जागी नुसती रेघ होती, आणि कळवणाऱ्या बाईची फुली.

नियमानं ती नोंद उघडी ठेवायची होती. चुकीची पट्टी म्हणजे सरळ चूक. पण घंटी वाजली तिथं नाव घ्यायचं नसतं, हे माझ्या हाताला नियमाच्या आधीपासून माहीत होतं. मी काळी पट्टी ओढली आणि पान पुढं पाठवलं.

काही दिवसांनी वेंकटेश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. अक्काही होत्या. मला वाटलं, संपलं. पण सरांचा चेहरा चिडलेला नव्हता, वेगळाच होता.

"ये एंट्री तुमने क्यों छुपाया?"

मी अक्कांकडं पाहिलं.

कंपनीचा मेल आला होता. त्या नोंदीतलं बाळ, ती मुलगी, अजून जिवंत होती. शंभरी ओलांडलेली, तिकडं कुठंतरी लेकीकडं राहणारी. घरच्यांनी कंपनीला खाजगीत विनंती केली होती की आई आहे तोवर ही नोंद झाकून ठेवा, बापाच्या जागची ती रेघ तिनं आयुष्यभर लपवली होती. कंपनीनं मानलं होतं, पण ते आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. मग ती नोंद आधीच झाकलेली कशी?

"किसने बताया तुमको?" सर पुन्हा म्हणाले. "उनका प्राइवेट मेल किसने देखा?"

तेव्हा मला उमगलं. चुकलो असतो तर ओरडा खाऊन सुटलो असतो. बरोबर निघालो म्हणून चोर ठरत होतो. आमच्या धंद्यात जे माहीत नसायला हवं ते माहीत असणं हाच गुन्हा.

मला कॉम्प्युटरवरून उठवलं. माझा मोबाईल बघितला, लॉगिन बघितले. त्यात आत्याचे गुड मॉर्निंगचे फोटो सोडून काही नव्हतं. मी पुन्हा चहा द्यायला लागलो. अक्कांच्या टेबलावर कप ठेवताना मान वर होत नव्हती. एका दुपारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मला तरी खरं सांग रे."

मी घंटीचं सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी हेळवी कधी आला नाही. आला असता तर मलाही कळलं असतं, मी कुणाची कोण ते." आणि पदरानं चष्मा पुसला. "पण सरांना हे सांगू नको हं. त्यांना कागदावर टाकता येईल असं काहीतरी लागतं."

तपासात काहीच निघालं नाही. सरांनी शेवटी एकच मार्ग ठेवला — चूक झाली असं लिहून दे, प्रकरण बंद. अक्कांनी इंग्रजीत मजकूर सांगितला, मी एकेक अक्षर काढलं. तारीख वाचण्यात चूक झाली, पुढं काळजी घेईन. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची मला परत मिळाली. अक्कांनी त्या दिवशी घरून चिरोटी आणली होती, सगळ्यांना वाटली, कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही. त्यांचे उपकार मी कुठं फेडू?

त्यानंतर तसं काही पुन्हा झालं नाही. आवाज कुठून आला, मेलेला हेळवी समुद्रापलीकडच्या घराण्याचं काय जाणतो, आणि मलाच का ऐकू आला? डॉक्टरकडं कान तपासून घेतले, चांगले आहेत. त्या बाईचं नाव मला पाठ आहे. ते मी इथं लिहिणार नाही.

ऑफिसच्या फाईलमध्ये माझ्या सहीनं लिहिलंय की तारीख वाचताना माझी चूक झाली. मी तारीख बरोबर वाचली होती.