एकवीस हंडे

आमच्या दाजींनी मला जेवढं छळलं, तेवढं मराठवाड्यातल्या एकाही दुष्काळानं छळलं नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कॉलेजात गणित शिकवत. तेवढ्यावर थांबते तर माझी काही तक्रार नव्हती. पण अंगातल्या सगळ्या पेशींत जनुकांचा मजकूर एकच असताना एक पेशी कातडी होते, दुसरी रक्त होते, ती नेमकी कधी आणि कशानं पालटते, याचं समीकरण मांडायचा नाद त्यांना लागला. मुकुंदवाडीत एकाच इमारतीत तळमजल्यावर ते आणि तिसऱ्यावर मी. जिन्यात गाठ पडली की सुटका नसे. "दोन खड्डे समज, मधी बांध. पेशी म्हंजे गोटी. जरा ढकलली तर माघारी येती. बांधापल्याड गेली की तिकडचीच! अन् शेजारच्या पालटल्या की ही बी पालटती. किती शेजारी लागत्यात, तेवढाच आकडा घावंना." दळणाचा डबा खांद्यावर घेऊन मी हे किती वेळा ऐकलं असेल!

तो आकडा त्यांनी शोधला कुठं, तर माझ्या एकुलत्या मुलीच्या लग्नात. पंगतीतून कुणी एकटं उठत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींनी दोन मित्रांना पढवून ठेवलं आणि वरणभात संपतो न संपतो तोच तिघं एकदम उभे राहिले. मोठी माणसं उठली म्हणून शेजारचे उठले, ते बघून समोरची ओळ उठली. जिलबीची परात दारात येईपर्यंत कन्नडहून आलेलं अख्खं वऱ्हाड हात धूत होतं. व्याही म्हणाले, "गोड वाढायच्या आधीच उठवता व्हय आमची माणसं?" मी हात जोडत फिरत होतो आणि दाजी पत्रिकेच्या पाठीवर लिहीत होते, "तिघंच पुरले रे!" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठवलं की आजही संताप येतो.

त्याच उन्हाळ्यात आमच्या भोवती नव्या इमारती उठल्या आणि नळ आटले. सगळा भार टँकरवर. माझी कंबर धरलेली. तर टँकरच्या दिवशी दाजी भरलेला हंडा माझ्या दारात ठेवत, दार वाजवत आणि निघून जात. मी ताईकडून निरोप धाडला, पाणी नको. जिन्यातूनच उत्तर आलं, "ज्या धक्क्यानं पेशी पल्याड जाती, तेवढ्यानं माघारी येत नाय. लई जास्त लागतं. किती, तेच बघायलोय." म्हणजे माझ्या रागावरही प्रयोग! मी पाणी घेत राहिलो आणि गप्प राहिलो. साठी उलटलेला माणूस प्रत्येक मजल्यावर दम खात होता, ते आतून ऐकू येई.

शेवटी एकदा दार उघडून म्हणालो, "दाजी, चहा घेऊन जा." ते पायरीवरच बसले, खिशातून कागद काढला आणि आधी लिहिलं, 'एकवीस'. चहा नंतर.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो कागद ताईनं जपून ठेवलाय आणि त्यावरचा आकडा चुकीचा आहे. चौथ्याच हंड्याला मी कडीवर हात ठेवून दाराआड उभा होतो. पुढचे सतरा त्यांनी माझ्या हट्टापायी वाहिले, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.