मागच्या गाडीत भाऊ नव्हता

जत्रेहून परतताना आमच्या दोन गाड्या होत्या. पुढची बाबा हाकत होते, तिच्यात मी आणि माय. धाकट्या दोघी बहिणी घरी चुलतीजवळ राहिल्या होत्या. मागची चुलत्याची. भाऊ चुलत्याच्या गाडीत आहे, असं मायनं मला सांगितलं होतं. "तिथं कडबा लई हाय, त्याला आंग टाकता येतं." मला ते पटलं. भाऊ तेव्हा आठ वर्षांचा. त्याचे पाय जन्मापासून तुरीच्या काड्यांसारखे, कमरेखाली जोरच नव्हता. बसून बसून त्याची पाठ दुखायची. मी तेरा वर्षांची होते.

गोदावरीकाठच्या त्या देवळात सकाळची पूजा करून आम्ही निघालो होतो. तीर्थपुरीच्या अलीकडं एका विहिरीवर बैलांना पाणी दाखवायला बाबांनी गाडी सोडली. थोड्या वेळात चुलत्याची गाडी आली. भावाला पाणी पाजावं म्हणून मी तांब्या भरला आणि चाकावर पाय देऊन वर चढले. आत कडबा होता आणि एक रिकामी पाटी. त्याची गोधडीसुद्धा नव्हती.

"काका, भाऊ कुठंय?"

चुलता जुवाची दोरी सारखी करत राहिला. मी मायकडं पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. शेवटी बाबाच बोलले, "देवाला दिला. आता त्यो देवाचा हाय. चल, बस गाडीत."

मला रडू आलं नाही. तांब्या तिथंच पडला आणि मी आल्या वाटेनं पळत सुटले. मागून कुणी हाक मारली नाही. चैत्राचं ऊन, पायात काही नाही, फुफाटा नुसता भाजत होता. मी पळत होते आणि मनात एकच चाललं होतं, की हे खरं नाही, माय असं करणार नाही.

भाऊ देवळाच्या ओसरीवर होता. खाली त्याची गोधडी चौघडी करून घातलेली. शेजारी फडक्यात दोन भाकरी आणि कांदा. मी त्याला कवटाळलं, तर तो माझ्यावरच चिडला.

"तू कामून आली? जा ना घरी!"

तो भ्यायला असेल, उन्हानं त्याचं डोकं तापलं असेल, असं मला वाटलं. ओसरी झाडणाऱ्या गुरविणीनं खराटा थांबवला. "तुमचं हाय का लेकरू? ने बाई, ने. दर जत्रेला कुणी ना कुणी असं सोडून जातंय. आम्ही चतकोर घालतो. पण पावसाळा निघत न्हाई त्यायचा."

एवढं बोलून ती पुन्हा झाडायला लागली. मी गाभाऱ्याकडं पाहिलं. सकाळी त्या देवाला माझ्या हातानं फुलं वाहिली होती. डोळे मिटून भावाचे पाय मागितले होते. तेव्हा माझ्या शेजारी हात जोडून उभ्या राहिलेल्या मायला सगळं ठाऊक होतं.

बऱ्याच वेळानं बाबा चालत आले. देवाकडं बघितलं नाही, आमच्याकडंही नाही. भावाला खांद्यावर घेतलं आणि गोधडी माझ्या हातात दिली. विहिरीपर्यंत ते पुढं, मी मागं.

घरी आल्यावर मायनं नेहमीसारखी दुधात भाकर चुरली आणि भावाला भरवली. त्याच्या हनुवटीवरचं दूध पदरानं पुसलं. मला जास्त भीती तिच्या त्या नेहमीसारखं वागण्याची वाटली. त्या दिवसापासून मी जिथं जाईन तिथं त्याला पाठुंगळी घेऊन जाऊ लागले.

कारण कळलं ते महिन्या दोन महिन्यांनी. चुलती बोलता बोलता म्हणाली, "तुझ्यासाठीच केलं गं त्यायनी. बदनापूरकडचं चांगलं स्थळ आल्तं. ते म्हणले, आसलं पोरगं घरात हाय, उद्या मायबाप गेल्यावर आमच्याच गळ्यात यील."

मी सरळ बाबांपुढं जाऊन उभी राहिले. "बाबा, मला लगीन करायचं न्हाई. भावाला मी बघीन."

"लोकाला काय सांगू?"

"काय बी सांगा."

बाबा माळकरी होते. चार दिवस त्यांनी मौन धरलं. पाचव्या दिवशी आंघोळ करून त्यांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि गावाला सांगितलं, पोरगी देवाला लागली, लगीन करणार न्हाई. लोकांना ते खरं वाटलं. बायका मला हाताला धरून आरतीला पुढं बसवू लागल्या. माझ्या मनात मात्र देवाविषयी रागाशिवाय काही नव्हतं. तो राग कधी गेला, सांगता येणार नाही. रोज पहाटे भावाच्या पायांना करडीचं तेल चोळताना तोंडानं देवाचं नाव घ्यायची सवय लागली. पुढं नाव घेतल्याशिवाय हातच चालेना.

बाबांनी धूळपाटीवर भावाला अक्षरं शिकवली. तो पोथी वाचायला शिकला आणि त्याचा आवाज असा निघाला, की शेजारच्या वाडीवरून माणसं ऐकायला येत. धाकट्या दोघी बहिणींची लग्नं झाली. पाहुणे विचारायचे, याला पुढं कोण बघणार? बाबा माझ्याकडं बोट दाखवायचे. बाबा गेले. आम्ही तिघं राहिलो.

मग निजामाचं राज्य बुडालं ते साल आलं. भादव्यात एका दुपारी हाकाटी झाली, फौजा आल्या, फौजा आल्या. कुणाच्या, कुणाला ठाऊक! गाव ज्वारीत शिरला. माय शेजारणींबरोबर पुढं गेली. मी भावाला पाठीवर घेऊन मागं. तो आता तिशी ओलांडलेला, मीही थकलेली. चिखलात पाय रुतत होता.

"आक्का, मला बांधावर ठेव अन् तू जा."

"गप बस. एकदा टाकून गेल्ते तुला, तेवढं बास झालं."

"टाकून न्हाई गेल्ते. मला इचारून गेल्ते."

मी थांबले.

"जत्रेच्या आधी माय मला न्हाऊ घालून राह्यली होती. म्हणली, तुझ्यामुळं आक्काचं लगीन व्हईना. तू देवाजवळ राहतो का? मी म्हणलं, राहतो. म्हणली, मंग रडायचं न्हाई. मी रडलो का? तू आली अन् समदं मोडलं."

"इतके दिवस बोलला न्हाईस?"

"मायनं शपथ घातल्ती."

मी त्याला पाठीवरून उतरवलं आणि ज्वारीच्या ताटांत बसून राहिले. मी त्याला वाचवलं, या एका गोष्टीवर मी पंचवीस वर्षं काढली होती. आणि आठ वर्षांचं लेकरू माझ्यासाठी त्या ओसरीवर मरायला बसलं होतं. लांब कुठंतरी माणसं ओरडत होती. त्या वेळी कुणी आलं असतं, तरी मला उठता आलं नसतं.

कुणी आलं नाही. फौजा मोठ्या रस्त्यानंच निघून गेल्या म्हणे. दिवस मावळायच्या आत सगळे घरी आले. भाऊ त्यानंतर अकरा वर्षं जगला. ती गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

मायला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ती अंगणात तूर निवडत बसली होती.

"माय, जत्रेला जायच्या आधी तू भावाला इचारलं होतंस?"

तिचा हात थांबलासुद्धा नाही. "मंग? पोटचं लेकरू हाय. न इचारता कसं सोडावं?"

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिथं ना लाज होती, ना रडू. तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मग मीही खाली बसले, तिच्या पुढ्यातली अर्धी तूर माझ्याकडं ओढली आणि निवडायला लागले. दुसरं काय करावं, ते मला सुचलं नाही.