दोन बाजूंचा निळा

पेंटरचा एकच तोरा होता: रंग डब्यावरचा नव्हे, गाडीवरचा जुळवायचा. मोटारसायकलचं फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं आवरण, फुटलं की लोक नव्याची किंमत ऐकून याच्याकडे यायचे. हा तडा जोडायचा, घासायचा, प्राइमर मारायचा आणि उन्हाने विटलेल्या दुसऱ्या बाजूशी रंग असा मिळवायचा की फुटलेली बाजू कोणती, हे मालकालाच आठवावं लागे. रंग जुळवणाऱ्या मशीनचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. मशीनला ऊन कळत नाही, म्हणायचा.

रंग नको तिथे कागद चिकटवणं आणि गिऱ्हाइकाला थोपवणं बायकोकडे होतं. रंग कालवून झाला की तो कोपऱ्यावर चहाला जायचा आणि परत येऊन रंग फवारायची गन भरायचा. वीस वर्षांचा नेम होता तो.

त्या आठवड्यात बायको बहिणीकडे गेली आणि नेमकी तेव्हाच एक नर्स आली. घसरून पडली होती, डावं फेअरिंग दुभंगलं होतं. तिला एकाच बाजूचं काम परवडणार होतं. पेंटरने पुठ्ठ्यावर रंगाचा थेंब वाळवला, भर उजेडात उजव्या बाजूला लावून पाहिला. जुळला. चहा पिऊन आला आणि रंग मारला.

गाडी न्यायला आलेल्या नर्सने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि ओशाळून म्हणाली, "काका, डावी जरा जास्तच निळी झालीय का?"

त्याने पुढून पाहिलं, मागून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्याच. बाई भलतीच चोखंदळ दिसतेय, असं मनाशी म्हणत त्याने शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. हा गडी त्याला नावं ठेवायची एक संधी सोडत नसे. आज त्याने गाडी पाहिली आणि काहीच न बोलता आपल्या ट्यूबकडे वळला. तेव्हा मात्र पेंटरने नर्सकडून गाडी ठेवून घेतली.

बायको दुसऱ्या दिवशी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिची नजर गाडीवर गेली आणि "मी असायला हवं होतं," असं तिच्या तोंडून निसटलं. मग सगळं सांगावंच लागलं. गेलं वर्षभर तो चहाला गेला की ती रंगाच्या भांड्यात चार थेंब पांढरा, कधी थेंबभर पिवळा टाकत होती. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय आणि निळ्यातला फरक त्याला दिसेनासा झालाय, हे तिने ओळखलं होतं, पण त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

तो भडकला नाही. भडकला असता तर बरं, असं तिला वाटलं. वर्षभर ज्या कौतुकावर तो मिशीला पीळ देत होता, त्यातलं निम्मं तिचं होतं, आणि त्याला लाज वाटत होती. त्याने फेअरिंग उतरवलं आणि दिवसभर घासत बसला. बायकोकडून हे कळल्यावर नर्सने आपल्याच दवाखान्यात त्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्याची तारीख काढून दिली. पण तिला गाडी लगेच हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने निळा पुन्हा कालवला, पुठ्ठ्यावर थेंब वाळवला. चहाची वेळ झाली. बायको त्याच्या उठण्याची वाट बघत टेप गुंडाळत राहिली. तो उठला नाही. भांडं तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "टाक. आज माझ्यासमोर टाक."