पानी

"तुम्ही नुसती चित्रं धरा. तोंड उघडू नका. पालक आलेत."

हेडबाई मला म्हणाल्या. सगळ्या मुलांसमोर.

माणमधली इंग्रजी शाळा. मी दापोडीची. बाप कंपनीत कामगार, घर जयभीमवालं. मी डी.एड. केलेलं, पण शाळेच्या कागदावर मदतनीस. मराठीच्या तासाचा आवाज ओळखायचा खेळ मीच बसवला होता. पडद्यामागून आवाज यायचा. मुलांनी नीट ऐकायचं, बरोबर चित्रावर बोट ठेवायचं आणि नाव सांगायचं. शिट्टी, कुलूप, लाटणं. दोन आठवडे मुलांचे कान तयार केले मी. त्या दिवशी मात्र खेळ घेतला दुसऱ्या बाईंनी. त्यांचे उच्चार म्हणे स्वच्छ.

पडद्यामागे बादलीत पाणी ओतलं. सरकारी कोट्यातून आलेली एक पोरगी उठली. माझ्या हातातल्या चित्रावर बोट ठेवून खणखणीत म्हणाली, "पानी."

पालक हसले. हेडबाईही. म्हणाल्या, "ही आमच्या मदतनीस बाईंची देणगी. वस्तीतून येतात, काय करणार."

मागच्या रांगेत पोरीची आई बसली होती. तिनं मान खाली घातली. पोरीचं बोट चित्रावरून निघालं.

"तिला सांगा, चुकलं," हेडबाई मला म्हणाल्या.

दुसरीत मलाही असंच उभं केलं होतं, 'बाण' नीट म्हणेपर्यंत. त्यानंतर वर्षभर मी वर्गात बोलले नाही.

मी चित्रं टेबलावर ठेवली.

"चुकलं नाही. तिनं आवाज बरोबर ओळखला. चित्र बरोबर दाखवलं. आमच्या घरी पानीच म्हणतात."

कुणी हसलं नाही.

दुपारी हेडबाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिहून द्या."

"आधी तुम्ही त्या पोरीची मागा. तिच्या आईची मागा."

दुसऱ्या दिवशी मला गेटातून आत घेतलं नाही. पोरीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. ते टोचतं.

परवा वाकडला दुसऱ्या एका शाळेत मुलाखत झाली. तिथल्या मॅडम गोड हसून म्हणाल्या, "उच्चारांवर थोडं काम करावं लागेल."

मी म्हणाले, "प्रमाण भाषा शिकवीन. पण पोरांच्या घरच्या बोलीला चूक म्हणणार नाही. दुसरं कुणी म्हणालं, तर तिथंच अडवीन, सगळ्यांसमोर. चालणार नसेल तर आत्ताच सांगा."