भाऊंची पहिली शिफ्ट

आजारी गुराच्या पोटावर ठेवावा तसा भाऊ कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे, जरा वेळ डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पोरी, कोनतरी खाऊन राह्यलं याले आतून."

बल्लारपुरात आमची वस्ती जिथे संपते आणि झुडपी जंगल लागतं, तिथल्या शेवटच्या ओळीत भाऊ आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, घर होतं. भाऊ कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन नागपूरला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे गल्लीत कुणाचाही प्रिंटर अडला की बोलावणं मलाच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, आणि तिला रोज बोलावणारा एखादा म्हातारा असेलच.

भाऊ खोटं बोलत नव्हते. मी कचरापेटी रिकामी करायची, तात्पुरत्या फायली उडवायची, जुने अपडेट काढायची. ड्राइव्हची लाल पट्टी निळी व्हायची. आठवडा गेला की पुन्हा लाल. व्हायरस शोधला, सापडला नाही. भाऊंनी मन घट्ट करून आपली जुनी गाणी पुसली, मुलीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर हलवले. जागा तरी जातच राहिली. सगळ्या फोल्डरांची बेरीज करून पाहिली, ती भरलेल्या जागेच्या निम्मीही येईना.

एकदा गेले तर डब्याशेजारी उंदराचा पिंजरा लावलेला. आत भजं.

"भाऊ, हा उंदीर नाही हो तसला."

"असू दे ना. कोनता हाय, ते का तुले मालूम हाय?"

मला माहीत नव्हतं. मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी भाऊंनी मला चहा दिला, आणि मी कप धुवून ठेवला तर लगेच दुसरा आणून दिला, "घे, कवाची बसली हायस, चहा बी नाई पेली," म्हणत.

कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही, असं जावयाने बजावलं होतं. ते का, हे दोघांनाही आठवत नव्हतं. ते मी शेवटी जावयालाच फोन करून विचारलं. तो म्हणाला, "अहो, मागच्या दारावरचा कॅमेरा चित्रण त्याच्यावरच साठवतो ना. वस्तीत वाघाची बोंब होती तेव्हा मी लावला होता." त्याने त्यासाठी वेगळं खातं उघडलं होतं, म्हणून ते फोल्डर भाऊंच्या खात्यातून दिसतच नव्हतं. पासवर्ड घेऊन मी उघडलं. अख्खी डिस्क तिथे जाऊन बसली होती.

माझा जीव भांड्यात पडला. पण जावई पुढे जे म्हणाला, ते फोन ठेवल्यावर डोक्यात राहिलं. हा कॅमेरा सतत चित्रण करत नाही. समोर काही हललं, तरच करतो. पहिलं वर्षभर त्या फोल्डरात जवळजवळ काही नव्हतं. भरायला लागलं ते या उन्हाळ्याच्या तोंडाशी.

म्हणजे घरामागच्या वाडीत, परसात, रोज काहीतरी हलत होतं.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं बघायला बसलो. बाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. पहिल्या चित्रणात कुत्रं होतं. दुसऱ्यात पहाटेचा अंधुक उजेड आणि एक माणूस. शर्ट खोचलेला, पायात बूट, हातात डब्याची पिशवी. त्याने तारेचं फाटक उघडलं आणि तो झुडपांत शिरला.

"हा कोन होय?" भाऊ पुढे वाकले. "आपल्या वाडीत काऊन शिरला हा?"

बाईंचा हात सुपात थांबला. "तुमीच हाय ना ते," त्या हळूच म्हणाल्या.

"मी? मी तं झोपून असतो तवा."

मी पुढचं उघडलं. तोच माणूस परत येत होता. त्याच्या पुढचं, दुसरी पहाट. मग तिसरी. बाई गुडघ्याची गोळी घेऊन झोपायच्या, त्यांना कधी चाहूल लागली नव्हती. "तिकून कारखान्याची वाट होती," त्या म्हणाल्या. "पह्यल्या शिफ्टले तिकूनच जात. आता भित झाली तिथी, वाट बंद हाय."

मी तिथेच थांबायला हवं होतं की नाही, कळत नाही. हात चालत राहिला. पुढच्या चित्रणात डावीकडून वाघ आला. भाऊ नुकतेच जिथून गेले होते तिथली माती त्याने हुंगली, आणि तो त्यांच्याच वाटेने झुडपांत गेला. त्याला कसली घाई नव्हती.

मग भाऊ समाधानाने मागे टेकले. "मी मनलो नव्हतो? कोनतरी खाऊन राह्यलं मून."

मागच्या दाराला कुलूप लागलं. वनखात्याची माणसं येऊन गेली. जावई न्यायला आला, पण भाऊ हलले नाहीत. "मंग ड्युटी कोन करन?" ते रोज पहाटे कुलपापाशी पिशवी घेऊन उभे राहायचे. आरडाओरडा नाही. मी कधी सकाळी डोकावले की अजिजीने म्हणायचे, "पोरी, दार अटकलं पाह्य जरा. भोंगा होऊन जाईन माहा." फोल्डर आता भरत नव्हतं. मला मात्र त्याचं बरं वाटत नव्हतं.

तेंदूपत्त्याचे, विड्यांची पानं तोडायचे, दिवस आले. एका सकाळी सिलिंडरवाला आला. बाई रिकामं सिलिंडर आणायला आत वळल्या, तेवढ्यात भाऊ पुढच्या दाराने गेले.

वस्ती शोधायला निघाली. उन्हाने डोळे उघडवत नव्हते. वनखात्याचे लोक डबे वाजवत पुढे, आम्ही मागे. दुपारी निरोप आला की पत्ता तोडणाऱ्या बायांना नाल्याकडे कुणीतरी दिसलंय.

भाऊ मोहाच्या झाडाला टेकून बसले होते. बूट पायात, पिशवी मांडीवर. अंगावर ओरखडाही नव्हता. उन्हाने नेलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण भोवतालच्या रेतीत वाघाचे पंजे उमटलेले होते, अगदी जवळून, एक पूर्ण फेरा घालून नाल्यात उतरलेले.

"आमी आलो तवाच जीव नव्हता," त्या पत्ता तोडणाऱ्या बायांतली थोरली म्हणाली. "पन पंजे ताजे होते. मंग एकटं कसं सोडाव मानसाले?"

तिचं बोलणं माझ्याशी होतं, पण तिने मान वळवली नव्हती. चौघीजणी भाऊंच्या चारी बाजूंना, त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. हातात काठ्या. सकाळपासून तोडलेला पत्ता बाजूला उन्हात सुकून गेला होता. वस्तीतून खाट येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, जंगलाकडे तोंड करून.