कंपनीचं नाव फक्त जाहिरातीत

मंडळी, परवा तळोज्याच्या एका कारखान्यात वायुगळती झाली आणि आमच्या शेजारच्या सुनंदाचा नवरा गेला. कंपनी म्हणते, तो ठेकेदाराचा, आमचा माणूसच नव्हे.

आज पेपरात बातमी आली, ‘एका कंपनीत कामगाराचा मृत्यू’. त्याच पानावर त्याच कंपनीची नावानिशी जाहिरात, ‘सुरक्षा हाच आमचा धर्म’.

मी वार्ताहराला फोन लावला. माझाच जुना विद्यार्थी.

“बाई, मला पगार नाही, जाहिरातींवर कमिशन मिळतं. नाव छापलं तर मी संपलो. सुनंदाताईंना श्रद्धांजलीची जाहिरात द्यायचीय का? सवलतीत करतो.”

“त्या जाहिरातीत कंपनीचं नाव छापशील?”

“तेवढं सोडून काहीही, बाई.”

मेलेल्याचं नाव मात्र वडिलांच्या नावासकट छापलंय. त्याने कधी जाहिरात दिली नव्हती.

तुम्ही हा पेपर अजून विकत घेता?